शाकारलेल्या नौकेच्या नावावरचं डिझेल

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लांब होतं, थोडं कमी करून देतो.

"सर, मी दक्षिण कोकणातल्या एका बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत नऊ वर्षं सचिव आहे. नारळी पौर्णिमेनंतर आमच्याकडच्या सगळ्या नौका पाण्यात उतरल्या, एक मात्र उतरली नाही. तिचं इंजिन गेलंय. पावसाळ्यात झावळ्यांनी शाकारली तशीच अजून किनाऱ्यावर आहे. तिच्या नावावर दर महिन्याचं डिझेल लिहायला चेअरमननी मला सांगितलं. ते डिझेल जातं त्यांच्या पुतण्याच्या मोठ्या नौकेत, कारण तिचा कोटा पुरत नाही. दोन महिने मी सही केली. तिसऱ्या महिन्याचं बिल आत्ता माझ्या टेबलावर आहे. सासऱ्यांच्या ऑपरेशनला चेअरमननी चाळीस हजार दिले होते, त्यातले बावीस हजार अजून देणं आहे. नवरा त्यांच्याच भावाच्या बोटीवर खलाशी. चेअरमन म्हणतात, 'डिझेल समुद्रातच जातंय ना? मग चोरी कसली? खाल्ल्या मिठाला जाग.' सासूबाई म्हणतात, 'पाण्यात ऱ्हवान माशाशी वैर कित्याक?' आम्ही कॅथलिक. आठवी आज्ञा मला पाठ आहे. पण वरिष्ठांच्या अधीन राहा, असंही बायबलात प्रेषित पौलाने लिहिलंय. सही नाकारणं हा माझा अहंकार तर नाही ना? बारा वर्षांच्या मुलाने परवा मला रजिस्टर उघडून रडताना पाहिलं. त्याला काय सांगू?"

ताई, तिसरी सही करू नका. बाकी सगळं सावकाश बोलू. पण तुमचं पत्र वाचल्यापासून टेबलावरचं ते बिल डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हे आधी.

तुम्ही आठवी आज्ञा म्हणता. आमच्या प्रोटेस्टंट घरात मी ती लहानपणी नववी म्हणून पाठ केली. तुमच्याकडे मूर्तींविषयीची आज्ञा पहिलीतच धरतात, म्हणून पुढचा आकडा एकाने कमी येतो. आकडा कुठलाही धरा, बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातलं सांगणं एकच: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. नुसतं 'खोटं बोलू नको' असं मोघम तिथे नाही. शब्द साक्षीचा आहे. तुमच्या शब्दावर विसंबून दुसरं कुणी काही ठरवणार आहे, अशा जागेचा तो शब्द. सोसायटीच्या रजिस्टरवरची सचिवाची सही ही नेमकी तशी जागा आहे. मत्स्य खात्याचा माणूस रोज जेटीवर उभा राहून कुठल्या टाकीत किती लिटर पडलं ते मोजत नाही. तो तुमची सही बघतो आणि पुढचा कागद काढतो.

आणि आज्ञेत 'शेजारी' आहे. तुमच्या पत्रात चेअरमन आहेत, पुतण्या आहे, नवरा, सासू-सासरे, मुलगा आहे. त्या शाकारलेल्या नौकेच्या मालकाबद्दल मात्र एक अक्षर नाही. तो कोण आहे? इंजिन दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून ज्याचा हंगाम किनाऱ्यावर बसून चाललाय, त्याच्या नावावर महिन्याला डिझेल चढतंय, हे त्याला ठाऊक आहे का? उद्या तपासणी आली तर पहिला प्रश्न त्याला विचारतील. त्याने एक थेंब घेतलेला नसताना. तो तुमचा शेजारी, आणि कागदावर साक्ष गेलीय ती त्याच्याविरुद्ध.

चेअरमनांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच तुम्ही दोन महिने त्याला अडलात. पुतण्या खरंच मासेमारीला जातो, डिझेल काळ्या बाजारात जात नाही. पण नौकामालकाने भरलेला डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत करतं ते ठरलेल्या कोट्यापुरतं, आणि कोटा त्या त्या नौकेला असतो. पुतण्याने कोट्याबाहेरचं डिझेल पुऱ्या भावाने घ्यायचं, ते बंद नौकेच्या नावावर घेतलं, तर मधला फरक सगळ्यांच्या पैशातून जातो. परतावा वेळेवर येत नाही म्हणून किनाऱ्यावरची माणसं वर्षानुवर्षं कुरकुरतात, आणि रास्तच कुरकुरतात. असा एक कागद उघडा पडला की प्रामाणिक नौकांचे कागदही त्याच्याबरोबर अडकतात.

पैशाहून मोठी एक गोष्ट आहे, ती मी डोळ्यांनी पाहिलीय. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा मी कामानिमित्त एका बंदरावर अडकलो होतो. वीज गेलेली. सोसायटीच्या ओट्यावर कंदील, आणि त्याच्या उजेडात एक माणूस वहीतून नौकांची नावं वाचत होता. समोर बायका उभ्या होत्या, ओल्या पदराने तोंड झाकून. तो नाव वाचायचा, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणायचं, 'इली.' म्हणजे आली. पुढचं नाव. 'इली.' मग एक नाव वाचलं आणि कुणीच काही बोललं नाही. त्याने ते नाव पुन्हा वाचलं. त्या शांततेत ती वही हाच एक आधार होता. कोण बाहेर आहे आणि कोण किनाऱ्यावर आहे, हे सांगणारं दुसरं काही तिथे नव्हतं. तुमच्या वहीत आज एक नौका समुद्रात आहे, जी प्रत्यक्षात माडाखाली झावळ्या पांघरून बसली आहे. अशा रात्री ही वही कुणी उघडली तर?

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करायला आलेले लोक 'कुबेर' नावाची मासेमारी नौका पळवून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर कुठली नौका कुठे आहे, ही बाब नुसती सोसायटीपुरती राहिलेली नाही. चेअरमन हे जाणत असणार. त्यांनी तेवढा विचार केला नसेल इतकंच.

आता माझं सांगतो, कारण स्वतः कोरडं राहून तुम्हाला पाण्यात ढकलणं बरं नव्हे.

१९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणातल्या पडीक कातळांवर आंबा-काजूची कलमं चढायला लागली. मी नोकरीत नवा होतो. खड्डे मोजायचे आणि लिहायचे, हे माझं काम. आंब्याला दहा बाय दहा मीटर, म्हणजे हेक्टरी शंभर खड्डे. एका वाडीच्या वरच्या अंगाला जांभा इतका कठीण की पहार टाकली तर ठिणगी उडावी. तिथे एकसष्ट खड्डे झाले होते. मी दोनदा मोजले. माझे वरिष्ठ म्हणाले, 'शंभर लिही, पुढच्या महिन्यात होतील पुरे.' मी शंभर लिहिले. पुढच्या महिन्यात तिथे कुणी पहार उचलली नाही. दीडेक वर्षाने तपासणी आली ती अख्ख्या वाडीची. खालच्या अंगाला एका विधवा बाईने पाटीने माती वाहून आपले शंभरच्या शंभर खड्डे भरले होते, उन्हाळाभर हंड्याने पाणी घालून कलमं जगवली होती. चौकशी संपेपर्यंत तिचाही अनुदानाचा हप्ता थांबला. ती मला कधी काही बोलली नाही. आमच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसायची आणि मी आलो की पदर सावरून उठून उभी राहायची. तिच्याविरुद्ध मी कागदावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तरी भोगलं तिने. तिचं ते उठून उभं राहणं मला आजही सहन होत नाही.

म्हणून सांगतो, करू नका.

पौलाचं वचन तुम्ही बरोबर लिहिलंय. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. पण हे वचन बहुतेक वेळा अर्ध्यावर तोडूनच कानावर पडतं. तोच अध्याय पुढे सातव्या वचनापर्यंत वाचा. ज्याला जे देणं आहे ते द्या, असं तिथे म्हटलंय. ज्याला कर द्यायचा त्याला कर, ज्याला जकात द्यायची त्याला जकात, ज्याचा मान राखायचा त्याचा मान. तुमच्या टेबलावरचं बिल कशाचं आहे? कराच्या परताव्याचं. जो परतावा त्या नौकेला देय नाही तो मागणारं. तेरावा अध्याय या भांडणात चेअरमनच्या बाजूने नाही, तुमच्या बाजूने उभा आहे. मान तेवढा चेअरमनना द्यायचाय, आणि तो भरपूर द्या.

अधीन राहणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं पौल स्वतःही समजत नव्हता. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, चौकशीविना चारचौघांत फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी निरोप आला, जा आता. पौल निघाला नाही. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला उघड मारलं आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. त्याने दंगा केला नाही, कायद्याने वागा एवढंच सांगितलं. प्रेषितांच्या कृत्यांत सोळावा अध्याय आहे, जमलं तर आज रात्री वाचा.

नकार द्यायचा कसा, ही खरी अडचण. इथे मला बायबलातला दानीएल आठवतो, पण सिंहांच्या गुहेतला नाही. ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते. तुमच्या कामाचा आहे पहिल्या अध्यायातला पोरगेला दानीएल. बाबेलच्या राजाने त्याला धरून आणलं, नाव बदलून बेल्टशस्सर ठेवलं, तिथल्या खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकायला बसवलं. त्याने हे सगळं घेतलं. भाषा शिकला, नाव चालवून घेतलं, पुढे त्याच राजाची चाकरीही मनापासून केली. राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस मात्र नको म्हणाला. 'खाल्ल्या मिठाला जाग' हे त्यालाही कुणी ऐकवलं असतं. मिठाला तो जागलाच, पण ताट तेवढं बाजूला ठेवलं. तुमचंही तसंच होऊ शकतं. चाळीस हजारांच्या उपकाराला जन्मभर जागा. सही त्या उपकारात येत नाही.

आणि पुढचं बघा. मुख्य अधिकारी त्याला म्हणतो, मला राजाची भीती वाटते, तुम्ही वाळलेले दिसलात तर माझं डोकं जाईल. दानीएल त्याला भित्रा म्हणत नाही, नीतीचे धडे देत नाही. त्यांच्यावर नेमलेल्या खालच्या कारभाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, दहा दिवस बघा. आम्हाला भाजीपाला आणि पाणी द्या, दहा दिवसांनी आमची तोंडं बघा आणि मग काय ते ठरवा. समोरच्याची भीती त्याने खरी मानली आणि त्याला पाय ठेवायला जागा दिली. मला वाटतं, दडपणाखाली सचोटीने वागणाऱ्या माणसाचं सगळ्यात अवघड काम हेच असतं. नाही म्हणताना समोरच्याला कोपऱ्यात न ढकलणं.

तुमच्या चेअरमनांनाही भीती असणार. पुतण्याची, घरच्यांची, सोसायटीच्या पुढच्या निवडणुकीची. ती ओळखून बोला. लिलावाच्या गर्दीत नको, जेटीवर नको. दुपारी सोसायटीत सामसूम असते तेव्हा, दार उघडं ठेवून, दोघंच. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेला क्रम हाच आहे. आधी एकांतात त्याला सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर घे, त्यानंतर मंडळी, म्हणजे सगळं चर्च. पहिली पायरी गाळून थेट वार्षिक सभेत उठू नका.

मी तुमच्या जागी असतो तर साधारण असं बोललो असतो: "दादा, आमच्या अडचणीला तुम्ही उभे राहिलात, ते मी विसरलेली नाही, विसरणारही नाही. पण ही नोंद माझ्या हातून होणार नाही. दोन केल्या त्याची रात्री झोप नाही. पुतण्याच्या नौकेला कोटा कमी पडत असेल तर वाढीव कोट्याचा अर्ज मी आजच लिहून देते, स्वतः तालुक्याला नेऊन देते. मंजूर होईपर्यंत जादा डिझेल पुऱ्या भावाने घ्यायला सांगा. हा एक महिना मला जशा आहेत तशा नोंदी करू द्या." बस्स. बायबल काढू नका तिथे. 'कायदा', 'तक्रार' हे शब्दही पहिल्या दिवशी नकोत. हा एक महिना म्हणजे तुमचे दहा दिवस.

याच्या आधी मात्र नवऱ्याशी बोला. पत्रात तो फक्त खलाशी म्हणून येतो, पण तुमच्या नकाराची पहिली झळ त्याच्या वाट्याला लागणार. त्याला ते बंदरावर दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. दोघांनी बसून बावीस हजारांचा हिशेब कागदावर मांडा, महिन्याला किती फेडता येतील ते ठरवा, आणि तो कागद चेअरमनना वेगळा द्या, वेगळ्या दिवशी. उसनवारी आणि नोकरी आज एका गाठीत बांधलेली आहेत. ती गाठ तुम्हीच सोडवायला हवी. पहिला हप्ता हजाराचा का असेना, पावती घ्या. मिंधेपण कमी झालं की बोलताना आवाज कापत नाही, हे अनुभवाने सांगतो.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. संस्थेचं नुकसान केल्याचं ठरलं तर त्याची भरपाई पदाधिकाऱ्यांकडून वसूल करता येते, कलम ८८ त्यासाठीच आहे, आणि सचिव त्यातून सुटत नाही. तोंडी हुकूम देणाऱ्याचा पुरावा राहत नाही, सहीचा राहतो. त्यामुळे मागच्या दोन नोंदींचं काय करायचं ते एकटीने ठरवू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने तसा हक्क दिलाय. आधी त्यांना सगळं जसं घडलं तसं सांगा. तोपर्यंत रजिस्टरमध्ये खाडाखोड नको, पान फाडणं तर स्वप्नातही नको. दुरुस्ती करायचीच ती उघड, तारीख घालून, कारण लिहून. कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. रोज काय सांगितलं गेलं, कुणी सांगितलं, ते घरच्या वहीत लिहून ठेवा.

अहंकाराचं विचारलंत. तुमच्यासारखा प्रश्न पडणाऱ्या बाईला अहंकाराची भीती कमी, पण एक खूण सांगतो. तुम्ही सही केली नाही हे बंदरावर कुणालाच कधी कळणार नाही, असं समजा. तरी मनाला तेवढंच बरं वाटतंय का? वाटत असेल तर निर्धास्त राहा. राजाखेरीज कुणाची प्रार्थना करायची नाही असा दारयावेश राजाचा हुकूम निघाल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेकडच्या खिडक्या उघड्या असलेल्या माडीवर रोजच्यासारखी तीन वेळा प्रार्थना केली. त्यात 'रोजच्यासारखी' हे फार महत्त्वाचं. त्याने हुकूम निघाला म्हणून नवी खिडकी पाडली नाही, आणि होती ती लावूनही घेतली नाही.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. तुम्ही नीट वागलात म्हणून सगळं नीट होईल, असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. नोकरी जाऊ शकते. नवऱ्याला दुसरी बोट शोधावी लागेल. चर्चच्या फेस्ताच्या दिवशी चार घरं तुमच्याशी बोलणार नाहीत. दानीएलचे सोबती शद्रख, मेशख आणि अबेद्‍नगो राजाच्या मूर्तीला वाकले नाहीत म्हणून जळत्या भट्टीसमोर उभे होते तेव्हा राजाला काय म्हणाले? आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते 'नाही सोडवलं तरीही' भट्टीच्या आधीचं आहे. भट्टीत आपल्याबरोबर चौथा कुणी दिसेल आणि आपण वाचू, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. आपण गोष्ट शेवटाकडून वाचतो म्हणून आपल्याला ती सोपी वाटते. तुम्ही गोष्टीच्या मध्यावर आहात आणि तिथे भीती वाटणारच. वाटू द्या.

सासूबाईंवर रागावू नका. पाण्यात राहून माशाशी वैर नको, हे त्या पोटतिडकीने म्हणतात, त्यांनी अशी पाणी पाहिलेली असणार. त्यांना एवढंच सांगा की वैर करायचं नाहीच आहे.

राहिल्या आधीच्या दोन सह्या. त्या दोन ओळी तुम्हाला रडवतायत, असं पत्रावरून वाटतं. येशूचा शिष्य पेत्र तुमच्यासारखाच बंदरावरचा माणूस, जाळी धुणारा. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याला नमवलं कुणी? रोमी सुभेदार पिलाताने नव्हे, मुख्य याजकाने नव्हे. अंगणातल्या एका दासीने. थंडी होती, लोक कोळशाचा विस्तव करून शेकत होते, तोही शेकत उभा होता, आणि ती म्हणाली, तूही त्याच्यातलाच ना? नाही म्हणाला. एकदा नव्हे, तीनदा. मोठ्या दडपणाला माणूस कधी कधी छाती काढून सामोरा जातो, आणि विस्तवाच्या उबेला, ओळखीच्या माणसांत, कुणी सहज विचारलं की घसरतो. तुमची सहीसुद्धा अशीच गेली असेल. चहा पिता पिता.

योहानाने शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय तो अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एकदा या अंगणात, आणि दुसऱ्यांदा शेवटच्या अध्यायात, तिबिर्याच्या समुद्राच्या काठावर. रात्रभर शिष्यांना काही मिळालं नाही, सकाळी येशूने सांगितल्याप्रमाणे जाळं टाकलं, आणि पेत्राने ते ओढून किनाऱ्याला आणलं तेव्हा त्यात मोठे मासे होते, एकशे त्रेपन्न. कुणीतरी मोजले होते, ताई. पुनरुत्थान झालेला प्रभू समोर उभा असताना कुणीतरी मासे मोजले आणि आकडा खरा लिहून ठेवला. आणि तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, बाजूला भाकर. येशू म्हणतो, या, न्याहारी करा. तीनदा नाकारणाऱ्याला त्याने आधी खाऊ घातलं, मग तीनदा विचारलं, तुझी माझ्यावर प्रीती आहे का. पेत्र तिसऱ्यांदा विचारल्यावर दुखावला, पण उत्तर दिलं. त्याला काम परत मिळालं.

तुम्ही फादरांकडे पापनिवेदनाला जाल तेव्हा तेही तुम्हाला क्षमेबरोबर दुरुस्तीचं सांगतील, आणि जक्कयाची आठवण देतील. यरीहोचा मुख्य जकातदार, उंबरावर चढलेला. जेवायला येशू घरी आला आणि हा उठून म्हणाला, कुणाचं काही अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. तुम्ही कुणाचा पैसा घेतलेला नाही, तुमच्याकडे चौपट करण्यासारखं काही नाही. तुमचं देणं दोन ओळींचं आहे. वकिलाशी बोलून, रीतसर, त्या दोन ओळी खऱ्या करा. आणि त्या शाकारलेल्या नौकेच्या मालकाच्या घरी एकदा जाऊन या. काय झालं ते त्याला तुमच्या तोंडून कळू दे. मी त्या विधवा बाईकडे गेलो, पण अकरा वर्षांनी. तिच्या मुलाने दार उघडलं. मला बसायला खुर्ची दिली आणि आई मागच्या पावसाळ्यात गेल्याचं सांगितलं.

मुलाला सगळं सांगा. बारा वर्षांचा म्हणजे बंदरावरच्या मुलाला कुठली नौका कुणाची, कुणाचं इंजिन किती सिलेंडरचं, हे तुमच्याहून जास्त ठाऊक असतं. त्याला किनाऱ्यावर न्या, ती नौका दाखवा आणि म्हणा, ही इथे आहे, पण आईने वहीत लिहिलं की ती समुद्रात गेली. दोनदा लिहिलं. आता लिहिणार नाही, म्हणून कदाचित आपल्याला थोडे दिवस कठीण जातील. तो काही विचारील, त्याचं खरं उत्तर द्या. सासूबाईंनाही बरोबर न्या, आल्या तर.

तुमच्या बंदराची ओळख पटेल असं काही या उत्तरात ठेवलेलं नाही, नौकेची एक-दोन चिन्हं बदललीही आहेत. वाढीव कोट्याच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर कळवा, मी लिहून पाठवतो. आणि चेअरमन काय म्हणाले तेही कळवा. काहीच बोलले नाहीत, तरी कळवा.